चेल्टनहॅमच्या शाळेंतील पंडिता

गेल्या मे महिन्याच्या सुटींत एक सद्गृहस्थ लातूरहून मुद्दाम नांदेडास येऊन आम्हांस भेटले. त्यांची कन्या पूर्वीं आमच्या हाताखालीं शिकलेली. पुढें ती पदवीधर झाली, शिक्षणशास्त्राची परीक्षा उतरली, आणि आतां परदेशांतील एका आंतरराष्ट्रीय शाळेंत अध्यापिका म्हणून तिची नेमणूक झाली होती. गृहस्थांच्या मुखावर आनंद होता, पण त्याच्या तळाशीं काळजीही होती. पगार किती, राहावयास घर मिळेल कीं नाहीं, हे प्रश्न त्यांनीं आम्हांस विचारलेच नाहींत. त्यांची पृच्छा निराळी होती. आपली मुलगी परक्यांच्या मुलांस शिकवावयास जाणार; तेथें तिला गुरूचा मान मिळेल, कीं मोलानें आणलेल्या माणसासारखें तिला वागवितील? आणि कांहीं वर्षें तिकडे काढल्यावर ती आपली राहील काय? आम्हीं त्यांस चहा दिला, पावसापाण्याच्या गोष्टी काढल्या, पण खरें उत्तर त्या दिवशीं आमच्यापाशीं नव्हतें. ते गेल्यावर मात्र आम्हांस पंडिता रमाबाईंचें स्मरण झालें. रमाबाईंच्या चरित्रांतील केडगांवचा भाग आपणां सर्वांस ठाऊक असतो. त्यांनीं इंग्लंडांतील एका कन्याशाळेंत शिक्षिकेचें काम केलें, हा भाग मात्र बहुतेक पुस्तकांत दोन ओळींत आटोपलेला आढळतो. तोच येथें जरा विस्तारानें सांगावा असें योजिलें आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या घनदाट रानांत, गंगामूळ नामक स्थानीं, झाला. हा प्रदेश आतां कर्नाटकांत मोडतो. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर विद्वान् ब्राह्मण. स्त्रियांसही संस्कृत विद्येचा अधिकार आहे असें त्यांचें ठाम मत असून तें त्यांनीं घरापासूनच आचरणांत आणिलें. पत्नी लक्ष्मीबाई यांस त्यांनीं स्वतः शिकविलें. लोकनिंदा झाली, शास्त्राधारें आपली बाजू मांडण्याचा प्रसंगही आला, पण शास्त्रीबोवा ढळले नाहींत. रानांतील त्यांच्या आश्रमांत विद्यार्थी राहत असत. शास्त्रीबोवा कार्यपरत्वें बाहेर असतां त्या तरुण विद्यार्थ्यांस पाठ देण्याचें काम लक्ष्मीबाई करीत. ही घरची गोष्ट रमाबाईंच्या मनांत लहानपणापासून मुरलेली होती. वाचकांनींही ती ध्यानांत ठेवावी. पुढें चेल्टनहॅम येथें तिचें काम पडणार आहे.

रमाबाई अवघ्या कांहीं महिन्यांच्या असतां हें कुटुंब यात्रेस निघालें, आणि नंतर पुराणें सांगत गांवोगांव हिंडत राहिलें. शाळा अशी रमाबाईंनीं बाळपणीं पाहिलीच नाहीं. आईनें पहाटे उठवून जें पाठ करविलें, तीच त्यांची शाळा. पुढें दक्षिणेंत दुष्काळ पडला. दुष्काळ म्हणजे काय हें आमच्या मराठवाड्याच्या वाचकांस सांगणें नलगे. ज्या लातुरास २०१६ सालीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथील मुलांनीं तरी तें डोळ्यांनीं पाहिलें आहे. पण त्या काळचा दुष्काळ पाण्याबरोबर प्राणही नेत असे. वडील, आई आणि थोरली बहीण अशीं तिघें एकामागून एक काळाच्या मुखीं पडलीं. उरलेलीं दोघें, भाऊ श्रीनिवास व रमाबाई, शेंकडों कोस पायीं तुडवीत १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील पंडितांनीं या वीस वर्षांच्या मुलीची विद्वत्ता पारखून तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशीं त्यांनीं जातिबंधन सोडून विवाह केला. १८८१ सालीं मनोरमा ही कन्या झाली. आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पतीही पटकीच्या विकारानें गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षीं रमाबाईंच्या पदरीं एक तान्ही मुलगी आणि कंठगत संस्कृत विद्या, एवढेंच धन उरलें.

त्या पुण्यास आल्या. तेथें त्यांनीं आर्य महिला समाज स्थापन केला. शिक्षणाच्या चौकशीसाठीं सरकारनें नेमलेलें हंटर कमिशन १८८२ सालीं पुण्यास आलें, तेव्हां त्याच्यापुढें साक्ष देतांना मुलींच्या शाळांसाठीं स्त्री-शिक्षिका तयार कराव्या व स्त्रियांच्या औषधोपचारासाठीं स्त्री-डॉक्टर असाव्या, असें त्यांनीं निर्भीडपणें सांगितलें. स्वतः वैद्यकी शिकावी, ही इच्छा त्यांच्या मनांत रुजली. त्यासाठीं विलायतेस जाणें प्राप्त होतें, आणि जवळ द्रव्य नव्हतें. तेव्हां त्यांनीं स्त्रीधर्मनीति या नांवाचें मराठी पुस्तक लिहून छापविलें व त्याच्या विक्रीचा पैसा प्रवासखर्चास लावला.

तिकडे गेल्यावर निर्वाह कसा व्हावा, याचीही त्यांनीं तजवीज करून ठेविली होती. पुण्यांत इंग्लिश चर्चच्या ज्या भगिनींशीं त्यांचा परिचय झाला, त्यांचा मूळ मठ इंग्लंडांत वाँटेज या गांवीं होता. हिंदुस्थानांत कामास येऊं पाहणाऱ्या भगिनींस रमाबाईंनीं मराठी शिकवावें, आणि त्या बदल्यांत मठानें त्यांच्या राहण्याजेवण्याची व इंग्रजी शिक्षणाची सोय करावी, असें ठरलें. हा ठराव आम्हांस त्यांच्या विद्वत्तेइतकाच मोलाचा वाटतो. अनाथ विधवा म्हणून दान मागावयास त्या गेल्या नाहींत. त्या शिकावयास गेल्या, आणि शिकण्याचें मोल शिकवून फेडावयाचें असा सौदा करून गेल्या. परदेशांतील त्यांचें पहिलें पाऊल शिक्षिकेचें होतें.

२० एप्रिल १८८३ रोजीं त्या मुंबईहून आगबोटींत बसल्या. बरोबर दोन वर्षांची मनोरमा आणि आनंदीबाई भगत नांवाची सोबतीण होती. वाँटेज येथील पहिलें वर्ष फार कष्टाचें गेलें. सोबतिणीचा तेथेंच अत्यंत दुःखद रीतीनें अंत झाला. त्या आघातानंतर रमाबाईंनीं कांहीं दिवस ऑक्सफर्ड येथें प्रसिद्ध पंडित मॅक्समुल्लर यांच्या घरीं काढले. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं माय-लेकींनीं बाप्तिस्मा घेतला. या बातमीनें महाराष्ट्रांत केवढें वादळ उठलें, हें मोठ्या मुलांनीं इतिहासांत वाचलें असेल. त्याची चर्चा करण्याचें हें स्थळ नव्हे. आणखी एक संकट होतें, त्याचा मात्र उल्लेख केला पाहिजे. रमाबाईंस ऐकूं कमी येऊं लागलें होतें. डॉक्टर होऊं इच्छिणाऱ्यास रोग्याच्या छातीचे ठोके ऐकावे लागतात, अध्यापकांचीं व्याख्यानें ऐकावीं लागतात. ज्या हेतूनें समुद्र ओलांडला तो हेतूच या बहिरेपणानें हिरावून घेतला. वैद्यकीचा विचार सोडावा लागला.

अशा स्थितींत त्या १८८४ सालीं चेल्टनहॅम लेडीज कॉलेजांत आल्या. नांव कॉलेज असलें तरी ती मुलींची मोठी शाळा होती. तिची स्थापना १८५३ सालीं झाली होती, आणि १८५८ सालापासून, म्हणजे रमाबाईंच्या जन्मवर्षापासूनच, डोरोथिया बील या बाई तिच्या मुख्याध्यापिका होत्या. त्या काळीं इंग्लंडांतही मुलींचें शिक्षण म्हणजे थोडें गाणें, थोडें चित्रकाम, थोडी फ्रेंच, असा समज होता. मुलींस गणित व शास्त्रें शिकविलीं तर त्यांचें चित्त व शरीर बिघडेल, अशी भीति प्रतिष्ठित आईबाप उघड बोलून दाखवीत. हें वाचून आमच्याकडील कोणास हसूं येईल. पण आमच्या आजोबांच्या पिढीचीं मतें आठवलीं तर तें हसूं फार वेळ टिकणार नाहीं. बीलबाईंनीं हळूहळू, पालकांस न दुखवितां, पण न थांबतां, त्या शाळेंत खरें शिक्षण आणिलें. अशा बाईंस रमाबाईंची योग्यता ओळखण्यास वेळ लागला नाहीं.

येथें रमाबाई एकाच वेळीं विद्यार्थिनी व अध्यापिका होत्या. एका वर्गांत त्या संस्कृत शिकवीत, आणि दुसऱ्या वर्गांत जाऊन गणित, सृष्टिशास्त्र व इंग्रजी वाङ्मय शिकत. आम्हीं स्वतः शिक्षकाचा पेशा पत्करून पुष्कळ वर्षें झालीं. शिकवितां शिकवितां पुन्हां बाकावर बसून शिकणें किती जड जातें हें आम्हांस माहीत आहे. त्यांत भाषा परकी, कान अधू, आणि ज्या मुली समोर बसत त्या राज्यकर्त्यांच्या जातीच्या. आपल्या देशांत ज्या गोऱ्यांपुढें मोठमोठे लोक मान लववीत, त्यांच्या मुलींच्या पुढें ही सव्वीस वर्षांची मराठी विधवा गुरु म्हणून उभी राहिली. तिच्यापाशीं जें होतें तें त्यांच्यापाशीं नव्हतें, म्हणून ती उभी राहूं शकली. गंगामूळच्या आश्रमांतून आईच्या मुखें आलेली विद्या ग्लॉस्टरशायरांतील शाळेंत पोहोंचली. पुढें धर्मानंद कोसंबी १९२९ सालीं रशियांत लेनिनग्राड येथें पाली शिकवावयास गेले; त्यांच्या पंचेचाळीस वर्षें आधीं एक स्त्री ही वाट चालून गेली होती.

आतां मानाचा प्रश्न. तो रमाबाईंसही सुटला नाहीं. त्यांनीं कांहीं पुरुष विद्यार्थ्यांसही शिकवावें असा विचार १८८५ सालच्या सुमारास चेल्टनहॅम येथें निघाला. हिंदुस्थानांतील बिशपांचें मत घेण्यांत आलें. त्यांनीं विरोध केला. तरुण पुरुषांस एका स्त्रीनें शिकविणें योग्य नव्हे, त्यायोगें स्वदेशीं परतल्यावर लोकांत तिचें वजन राहणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. वाँटेजच्या भगिनींचा कलही तिकडेच होता. हितचिंतकांच्या तोंडून आलेला असा निषेध मोडून काढणें फार कठीण असतें. हिंदुस्थानच्या लोकांस काय रुचेल, हें हिंदुस्थानच्या एका कन्येस परकीय समजावून सांगत होते! तेव्हां रमाबाईंनीं बीलबाईंस लिहिलेल्या पत्रांत घरची ती जुनी गोष्ट पुढें केली. आपली आई तरुण विद्यार्थ्यांस शिकवीत असे, आणि आपण स्वतःही शिकविलें. वडिलांनीं कधीं त्यास हरकत घेतली नाहीं, पतीनेंही घेतली नाहीं. मग इंग्लंडांतील सुधारलेल्या लोकांनीं ती घ्यावी याचें त्यांस मोठें नवल वाटलें. त्यांनीं हेंही स्पष्ट कळविलें कीं, आपणांस सदसद्विवेकबुद्धि आहे, आणि तिच्या निर्णयावांचून दुसऱ्यांनीं आपल्याविषयीं ठरविलेलें आपण मानणार नाहीं. आम्ही ख्रिस्ती आहों, मिशनच्याच शाळेंत शिकलों व शिकवितों. आमच्याच मंडळींनीं त्यांच्या मार्गांत घातलेला हा अडसर लिहितांना आम्हांस संकोच वाटतो. पण घडलें तें लिहिलें पाहिजे.

बीलबाईंची वागणूक या सर्व प्रकरणांत निराळी दिसते. रमाबाईंच्या शंकांस त्या आज्ञा देऊन उत्तर देत नसत, पत्रें लिहून व वाद करून देत. स्वतः पुष्कळ विरोध सोसलेल्या बाई त्या. शिक्षकाला वरचा अधिकारी कसा लाभतो यावर किती अवलंबून असतें, हें शिक्षकच जाणे.

दुसरा प्रश्न, ती आपली राहील काय, हा. याविषयीं मोठ्या घोषणांपेक्षां लहान गोष्टीच अधिक बोलतात. रमाबाईंनीं धर्म बदलला, पण अन्न बदललें नाहीं. मांसमत्स्य त्यांनीं कधीं घेतलें नाहीं, आणि परक्या पंक्तींत बसून असें राहणें किती अवघड, हें परदेशीं राहिलेलीं आपलीं मुलें सांगतील. मठाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरें होतीं. तीं आपणांस परकीं, मग त्यांच्या जागीं आपली संस्कृत कां नसावी, असा त्यांचा प्रश्न होता. भगिनींस हें सर्व अहंकाराचें लक्षण वाटलें. भगिनी जेराल्डिन यांनीं त्यांस आईच्या मायेनें सांभाळलें होतें. रमाबाई व मनोरमा त्यांस आजीबाई म्हणत. तरीही त्यांच्याशीं रमाबाईंचे पत्रांतून कडक वाद झाले. माया खरी होती आणि वादही खरा होता.

सर्वांत नाजूक वाद मनोरमेविषयीं होता. रमाबाई चेल्टनहॅमला असतां ती चिमुरडी मुलगी कांहीं काळ वाँटेजला भगिनींपाशीं राहत असे. भगिनी तिला आपल्या पंथाप्रमाणें धर्माचे पाठ देऊं लागल्या. जें आईच्या बुद्धीस अजून पटलेलें नाहीं, तें मुलीस आधींच शिकवूं नये, असें रमाबाईंचें म्हणणें पडलें. दिवसभर परक्यांच्या मुलींस विद्या द्यावयाची, आणि आपली मुलगी काय शिकते यासाठीं दूरच्या गांवीं पत्रें लिहीत बसावयाचें! परदेशीं शिकवावयास जाणाऱ्या कित्येक माता-पित्यांस हा अनुभव नवा वाटणार नाहीं. त्याची किंमत रमाबाईंनीं मोजली, आणि मनोरमेनेंही मोजली.

१८८६ च्या फेब्रुवारींत त्या अमेरिकेस निघाल्या. त्यांच्या नात्यांतील आनंदीबाई जोशी यांस फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी मिळावयाची होती. ११ मार्च १८८६ रोजीं त्या समारंभास रमाबाई हजर होत्या. जी विद्या आपणांस अंतरली ती आपल्या एका भगिनीनें संपादिलेली त्यांनीं पाहिली. पण आनंदीबाई स्वदेशीं परतून १८८७ च्या फेब्रुवारींत निवर्तल्या.

थोड्या दिवसांसाठीं गेलेल्या रमाबाई अमेरिकेंत सुमारें तीन वर्षें राहिल्या. तेथें त्यांस चेल्टनहॅमच्याही पलीकडची एक शाळा सांपडली. फ्रोबेल या जर्मन शिक्षकाची किंडरगार्टन पद्धति तेथें जोरांत होती. चेंडू, लांकडी ठोकळे, रंगीत कागद, गाणीं, यांच्या योगें मूल खेळतां खेळतां शिकतें. जिनें पहाटे उठून आईपाशीं श्लोक घोकले, ती पंडिता लहान मुलांचे ठोकळे हातीं घेऊन पुन्हां शिकावयास बसली. घरांतून टाकलेल्या बालविधवांस या पद्धतीच्या शिक्षिका करावें, असा विचार त्यांनीं धरला. १८८७ सालीं त्यांनीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिलें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टन येथें त्यांच्या नांवाची मंडळी स्थापन होऊन दहा वर्षें मदत देण्याचें वचन मिळालें. त्यांनीं ठिकठिकाणीं व्याख्यानें दिलीं. पश्चिमेकडे मान होता, व्यासपीठ होतें, मित्र होते. त्या राहिल्या असत्या तर कोणी त्यांस जा म्हटलें नसतें.

जपानच्या वाटेनें त्या १८८९ च्या आरंभीं मुंबईस परत आल्या, आणि ११ मार्च १८८९ रोजीं, आनंदीबाईंच्या पदवीदानास बरोबर तीन वर्षें होतांना, चौपाटीजवळ शारदासदन उघडलें. आरंभींच्या विद्यार्थिनींत गोदूबाई नांवाची एक बालविधवा होती. तीच पुढें १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांची पत्नी झाली. स्त्रीशिक्षणासाठीं कर्वे यांनीं काय केलें हें सर्वश्रुत आहे. १८९० सालीं शारदासदन पुण्यास गेलें. १८९३ सालीं मुलींस ख्रिस्ती धर्माकडे ओढलें जातें असा आरोप होऊन सल्लागार मंडळी निघून गेली, आणि पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या. त्या पालकांस केवळ दोष देणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. वाँटेज येथें मनोरमेविषयीं रमाबाईंस जी धास्ती वाटली होती, तीच आतां इतर आईबापांस त्यांच्याविषयीं वाटत होती. पुढें १८९६-९७ चा दुष्काळ आला. एके काळीं दुष्काळानेंच अनाथ केलेल्या रमाबाई मध्यप्रांतांतून सुमारें तीनशें मुली-बाया घेऊन आल्या, आणि केडगांवीं मुक्तिसदन उभें राहिलें. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. तेथें शेत, हातमाग, छापखाना, आणि किंडरगार्टनही होतें.

आमच्या मुलुखाशीं या घराण्याचा एक धागा जुळतो. मनोरमेनें मोठी होऊन आईचें काम हातीं घेतलें, आणि १९१२ सालीं आईच्या साह्यानें निजामाच्या राज्यांत गुलबर्गा, आतांचें कलबुर्गी, येथें शाळा सुरू केली. त्या काळीं लातूर उस्मानाबाद जिल्ह्यांत होतें, आणि तो जिल्हा गुलबर्गा सुभ्यांत मोडत असे. जी मुलगी दुसऱ्या वर्षीं बोटींत बसून वाँटेजला गेली, ती आमच्या वेशीजवळ शाळा चालवावयास आली. २४ जुलै १९२१ रोजीं ती आईच्या आधीं गेली. रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचें मराठी भाषांतर करण्याचें काम शेवटपर्यंत चालविलें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांवीं देह ठेविला.

हा मजकूर आम्हीं प्रथम त्या लातूरच्या गृहस्थांस लिहून धाडिला. त्यांचें उत्तर आलें तें चार ओळींचें. त्यांत मुलीच्या प्रयाणाची तारीख होती. ती ऑगस्टांत गेली. जाण्यापूर्वीं नांदेडास येऊन तिनें आमच्याकडील संस्कृत व्याकरणाची जुनी प्रत मागून नेली, आणि दिवाळीच्या पत्रांत तिनें लिहिलें आहे कीं तेथील तीन मुलें शनिवारीं तिच्यापाशीं देवनागरी अक्षरें शिकावयास येतात. पुस्तक परत करण्याविषयीं पत्रांत कांहीं नाहीं.